नकाशाची बाराखडी



भूगोल म्हटला की आपणांस शाळेतील पाठांतर आठवते, आणि परीक्षा संपली की आपण त्याला निरोप देतो. परंतु ज्या मुलखात पाऊस बेभरवशाचा आहे, त्या मुलखाला हा निरोप परवडणारा नाही. म्हणून आज आम्ही दूरदेशीचा भूगोल सांगणार नाही; परंड्याच्या भूमीवर उभे राहूनच नकाशातील चार-सहा शब्दांची ओळख करून घेणार आहोत.

पहिला प्रश्न, आपण आहोत कोठे? पृथ्वीवर कल्पिलेल्या आडव्या रेषा म्हणजे अक्षवृत्ते आणि उभ्या रेषा म्हणजे रेखावृत्ते. परंडा सुमारे १८ अंश १६ मिनिटे उत्तर अक्षवृत्तावर आणि ७५ अंश २७ मिनिटे पूर्व रेखावृत्तावर आहे. हे नुसते आकडे नव्हेत. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास एके दिवशी भर मध्यान्ही सूर्य नेमका आपल्या डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते, ती या अक्षवृत्तामुळे. आपली घड्याळे मात्र ८२ अंश ३० मिनिटांच्या रेखावृत्तावर लावलेली आहेत. पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात, आणि आपण त्या रेषेच्या पश्चिमेस सुमारे सात अंश आहोत. तेव्हा घड्याळात बारा वाजल्यावर आपली खरी दुपार होण्यास सरासरीने २८ मिनिटे उरलेली असतात.

दुसरा शब्द प्रमाण. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर ‘एकास पन्नास हजार’ असे लिहिलेले असते. म्हणजे कागदावरील दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर. हे जाणले की दोरा आणि पट्टी घेऊन घरबसल्या दोन गावांमधील अंतर काढता येते. या मोजणीमागे केवढे कष्ट आहेत! १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्ब्टन यांनी त्रिकोणांच्या साखळीने हिंदुस्थान मोजावयास आरंभ केला. ते काम चालू असतानाच १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचा अंत झाला.

आता सर्वांत उपयोगाचा शब्द, समोच्च रेषा. सारख्या उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा ती समोच्च रेषा. हे अवघड वाटत असेल तर सीना-कोळेगाव धरणाचा जलाशय आठवा. उन्हाळ्यात पाणी खाली जाते, तशा काठावर एकाखाली एक ओलीच्या रेघा उमटतात. कोणतीही एक रेघ घ्या, ती कितीही वळली तरी सर्वत्र एकाच उंचीवर असते. कारण पाण्याची पातळी कधी तिरपी नसते. नकाशावर या रेषा दाटीने आल्या तर तेथे चढ उभा आहे, विरळ आल्या तर जमीन सपाट आहे, असे समजावे. परंड्याभोवती त्या विरळ आहेत. म्हणूनच आपला किल्ला डोंगरी नव्हे, भुईकोट आहे. डोंगराने जे संरक्षण द्यावयाचे, ते येथे खंदकाने दिले. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर निजामशाहीने काही काळ राजधानी केली ती याच परंड्यास.

आपल्या गावाकडून बालाघाटाकडे जाऊ लागलो की त्या रेषा जवळ येतात. ‘बाला’ म्हणजे वरचा. बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्ह्याचे थरावर थर आले आणि त्यांचा काळा पाषाण झाला. टेकड्यांचे माथे सपाट आणि बाजू पायऱ्यांसारख्या दिसतात, त्या या थरांमुळे.

याच बालाघाटावर आपणांस शेवटचा शब्द भेटतो, जलविभाजक. ज्या कण्यावरून पावसाचे पाणी दोन बाजूंस वाटले जाते, तो जलविभाजक. आणि एका नदीस ज्या सगळ्या प्रदेशाचे पाणी मिळते, ते तिचे खोरे. आपल्या बाजूस पडलेला थेंब सीनेला जातो, सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला मिळते. पलीकडे पडलेला थेंब मांजरेला आणि तिच्यातून गोदावरीला जातो. एका जिल्ह्याच्या पाण्याच्या अशा दोन वाटा! १९७६ साली बच्छावत लवादाने कृष्णेचे पाणी राज्यांना वाटून दिले आणि महाराष्ट्राच्या वाट्यास ५६० अब्ज घनफूट आले. गोदावरीच्या पाण्याचा हिशेब निराळा. म्हणजे आपण कण्याच्या कोणत्या अंगास राहतो, यावर आपले पाणी कोणत्या खात्यात जमा होते, हे ठरते. ज्याला खोरे म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्याने पाण्याच्या हक्काविषयी बोलावे कसे?

आणि हे केवळ सरकारदरबारचे काम नव्हे. तलाठ्याकडील गावनकाशा जमीन कोणाची हे सांगतो. पाणी कोठून कोठे वाहते हे सांगत नाही. पाणी गट क्रमांक पाहून वाहत नाही, ते उतार पाहून वाहते. बांध अथवा चर समोच्च रेषेला धरून काढला, तर पाणी जागच्या जागी मुरते आणि माती शेतात राहते. तोच उताराच्या दिशेने काढला, तर पहिल्याच मोठ्या पावसात तो ओहोळ होतो; खर्च वाया जातो आणि वर मातीही जाते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील असंख्य हातांनी माती उपसली. इतक्या घामाचे चीज व्हावयाचे तर चर कोणत्या रेषेवर धरावा, हे कळलेच पाहिजे.

तेव्हा आमची विनंती एवढीच की, येत्या ग्रामसभेत पाण्याच्या कामाचा विषय निघाला, तर गावनकाशाशेजारी समोच्च रेषांचा नकाशाही मागून घ्यावा. आपले गाव, आपला ओढा त्यात शोधावा, आणि ओढ्याचे पाणी कोठून येते ते बोटाने वरपर्यंत माग काढीत पाहावे. घरातील मुलांनाही शेजारी बसवावे. त्यांचे डोळे या रेषा आपल्याहून लवकर वाचतील, आणि पुढे हे पाणी सांभाळावयाचे आहे तेही त्यांनाच.