काचेच्या तावदानांची लांबी : निवड व वाळवण



उज्जैन ही 1810 पर्यंत शिंदे घराण्याची राजधानी होती. राजधानी ग्वाल्हेरला गेली, तरी अनेक मराठी कुटुंबे व त्यांचे वाडे येथेच राहिले. अशा जुन्या घरांत व शाळांत एक प्रकार हमखास आढळतो. काच शाबूत असते, पण चौकटीचा खालचा दांडा कुजलेला असतो. काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणी कडेच्या भेगाळलेल्या लांबीतून आत मुरते, हे त्याचे कारण होय.

दुरुस्तीस निघालेला गृहस्थ दुकानात नुसती ‘पुट्टी’ मागतो, आणि तेथेच फसतो. आज त्या नावाने बहुधा भिंतीची, पांढऱ्या सिमेंटची पुट्टी हाती पडते. भिंतीवर ती उत्तम. परंतु लाकूड पावसात फुगते व उन्हात आकसते, तेव्हा ती तडकते. काचेची लांबी म्हणजे खडूची भुकटी व जवसाचे तेल यांचा मळलेला गोळा. भारतीय मानक 419 हे खिडक्यांच्या लांबीसाठीच आहे. लोखंडी चौकट तेल शोषीत नाही. तिच्याकरिता निराळी लांबी मागावी.

ही लांबी पाणी उडून वाळत नाही. हवेतील प्राणवायू शोषून तेल घट्ट होते, आणि त्यास अवधी लागतो. कोरडे लाकूड मात्र ते तेल आधीच पिऊन टाकते व लांबी ठिसूळ होते. म्हणून खाच साफ करून प्रथम अस्तराचा रंग द्यावा. मग लांबीचा पातळ थर, त्यावर काच, बारीक चुका आणि शेवटी बाहेरच्या बाजूस उतरती लांबी, असा क्रम ठेवावा. दुसऱ्याच दिवशी रंग उरकण्याची घाई कंत्राटदारास असते, घरमालकास नसावी. एक-दोन आठवड्यांत वर साय धरल्यावर रंग द्यावा. तो काचेवर सुमारे 2 मिलिमीटर चढलेला असावा, कारण पाणी अडते ते त्या रेघेने. मात्र महिनाभर रंगाविना ठेवू नये.

माळव्यात जूनमध्ये पाऊस येतो. तेव्हा हे काम फाल्गुनातच काढावे. जुना रंग शिशाचा असू शकतो. तो कोरडा न घासता ओला करूनच खरवडावा आणि मुलांना दूर ठेवावे. तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नये, तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात भिजवून मगच टाकाव्यात.