संबंध बालक आणि गावची शाळा



शाळेत केवळ बुद्धी येत नाही. हात, डोळे, मन आणि भूक यांसह संबंध बालक येते. इ. स. १९०७ मध्ये रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसोरी या कॅथलिक विदुषींनी पहिले बालगृह चालविले, ते हे ओळखूनच. तेथील मुले प्रथम हात धुण्यास, वस्तू जागच्या जागी ठेवण्यास व स्पर्शाने पारखण्यास शिकली. अक्षरे मागाहून आली.

हा विचार महाराष्ट्राच्या खेड्यात रुजविला तो ताराबाई मोडक यांनी. १९४५ पासून बोर्डी येथे त्यांनी व अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी पाने, खडे, शिंपले यांचाच उपयोग केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी जन्मली. पुढे कोसबाडला गुराखी मुलांसाठी कुरणशाळा भरली.

भोकरदन तालुक्यातील शिक्षकापुढेही हाच प्रश्न आहे. ऊसतोडीस आईबापांमागे जाणारे किंवा धाकटे भावंड सांभाळणारे मूल हजेरीपटावर गैरहजर ठरते. त्याचे शिकणे मात्र थांबता कामा नये. मोजणीस केळणा नदीचे खडे पुरतात. प्राचीन भोगवर्धन म्हणजेच भोकरदन. येथील उत्खननात सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी साम्य असलेली मूर्ती इटलीतील पॉम्पेई येथे मिळाली, एवढे सांगितले तरी इतिहास व भूगोल एकदमच जिवंत होतात.

म्हणून गैरहजेरीची खूण करून शिक्षकाने थांबू नये. ते मूल आज कोठे आहे, याचा शोध घ्यावा. सर्वांगीण विकासाचा पहिला पाठ तोच होय.