नदीच्या वाळूतील प्लॅटिनम



एक तरुण शेतकरी आमच्याकडे कागदाच्या पुडीत चमकती करडी वाळू घेऊन आला. पंचगंगेच्या पात्रातील वाळू होती ती. "यात प्लॅटिनम आहे, पैसे भरा, काढून देतो," असे कोणीतरी त्याला सांगितले होते. बिचारा बैल विकायला निघाला होता! त्याला जे उत्तर दिले, तेच आज जरा विस्ताराने सांगावयाचे आहे.

प्लॅटिनम नदीत सापडते, हे खरे. दक्षिण अमेरिकेतील कोलंबियात सोने धुणाऱ्यांना पांढरे कण सापडत. स्पॅनिश लोकांनी त्यांना 'प्लाटिना', म्हणजे 'छोटी चांदी', म्हटले. सोन्यात भेसळ होईल या भीतीने सरकारने ते पुन्हा नदीत फेकावयास लावले! पुढे रशियाने उरल पर्वतातील नद्यांच्या प्लॅटिनमची 1828 ते 1845 पर्यंत नाणी पाडली.

नदी हे कसे साधते? सोनारपेठेतील झारेकरी कचरा धुतो, तेव्हा हलके वाहून जाते, जड तळाशी राहते. वाळूचा सामान्य कण पाण्याच्या सुमारे अडीचपट जड असतो; शुद्ध प्लॅटिनम एकवीसपटीहून अधिक. नदी म्हणजे मोठी झारेकरीण.

परंतु निवडणारी ती, घडविणारी कोण? वाळूतील काही कण खडकातल्या कणांहून मोठे असतात. म्हणून काहींना वाटले, ते नदीतच वाढले असावेत. या वादात साक्ष दिली ऑस्मियमने. प्लॅटिनमच्याच कुळातला हा धातू. भूपृष्ठाच्या खडकांत व नदीच्या पाण्यात त्याचे 187 वस्तुमानाचे अणू तुलनेने अधिक असतात. या कणांत बहुधा कमी. म्हणजे त्यांचे माहेर खोल प्रावरणातून आलेल्या शिलारसात. ब्राझीलमधील काही कणांच्या घडणीत मात्र जीवाणूंचा हात असल्याचे 2016 साली दाखविले गेले. एकच नियम सर्वांना लावू नये.

कणाचा माग काढीत माहेरी पोचता येते. 1924 साली दक्षिण आफ्रिकेतील लोंबार्ड नावाच्या शेतकऱ्याला ओढ्याच्या वाळूत पांढरा धातू मिळाला. त्याने तो भूशास्त्रज्ञ मेरेन्स्की यांना पाठविला. त्याच वर्षी त्यांनी उगमाचा खडक शोधला, आणि जगातील सर्वांत मोठे साठे हाती लागले.

आता आपली पंचगंगा. तिचे खोरे बहुतांशी काळ्या बेसॉल्टचे. अशा खडकात टनामागे फार तर काही मिलिग्रॅम प्लॅटिनम, तेही सगळीकडे विखुरलेले. निवडायला वेगळे कणच नाहीत, तर नदी निवडील काय? तिच्या वाळूतले जड काळे कण मुख्यतः लोहाचे खनिज, मॅग्नेटाइट.

आम्ही त्या पुडीवर लोहचुंबक धरला. कण टुणकन उडून चिकटले. पण तेवढ्याने निकाल देऊ नये, कारण लोहमिश्रित प्लॅटिनमही कधी चुंबकाला ओढले जाते. म्हणून कण ऐरणीवर ठेवून हातोडी मारली. प्लॅटिनम असते तर चपटे झाले असते; याची काळी पूड झाली.

तो गडी थोडा हिरमुसला, पण बैल गोठ्यातच राहिले. पुन्हा कोणी अशी पुडी दाखवील, तेव्हा आधी विचारा, नदीच्या वरच्या अंगाला खडक कोणता? पैशाची गोष्ट त्यानंतर.