नदीची जागा



पदवीदानाला यशाबद्दल बोलण्याचा प्रघात आहे. मी माझ्या एका चुकीपासून सुरुवात करतो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका शहरातल्या ओढ्याच्या तळाला आणि दोन्ही काठांना काँक्रीट घातलं. प्रवाहाचा वेग काढण्याच्या मॅनिंगच्या सूत्रातला खरखरीतपणाचा आकडा खाली आला, वेग वाढला, कमी रुंदीत तेवढंच पाणी बसलं. उरलेल्या जागेत रस्ता निघाला आणि माझी पाठ थोपटली गेली. पुढच्याच पावसाळ्यात, माझ्या भिंती संपत होत्या त्याच्या खालच्या वस्तीत कमरेएवढं पाणी शिरलं. गणित बरोबर होतं. माझ्या हद्दीतलं पाणी मी घाईघाईने दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडलं होतं, एवढंच.

सिंगापूरमध्ये बिशान भागात कलांग नदीचाही असाच सरळसोट कालवा झाला होता, २.७ किलोमीटर लांबीचा. त्याच्या दुरुस्तीची वेळ आली तेव्हा तो पुन्हा बांधण्याऐवजी तिथल्या प्रशासनाने तो फोडला. आधी ६० मीटरच्या तुकड्यावर दगड, गवत आणि झुडपांच्या मुळांनी काठ धरून ठेवण्याच्या पद्धती तपासल्या. २०१२ मध्ये ६२ हेक्टरच्या उद्यानातून ३.२ किलोमीटरची वळणावळणाची नदी वाहू लागली. फोडलेल्या काँक्रीटची तिथेच टेकडी झाली. पुढे पाणमांजरांनीही तिथे बिऱ्हाड थाटलं.

तुमच्यातला अभियंता आता विचारेल, गवताने खरखरीतपणा वाढला, वेग घटला, मग पूर जातो कसा? उत्तर रुंदीत आहे. पूर्वी जेमतेम १७ ते २४ मीटरचा असलेला प्रवाह आता पुरात जवळजवळ १०० मीटरपर्यंत पसरू शकतो. वहनक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. एरवी त्या हिरवळीवर मुलं खेळतात. पाणी चढू लागलं की भोंगा वाजतो, माणसं वर येतात आणि मैदान नदीच्या ताब्यात जातं. ते उद्यान नदीकाठची सजावट नाही. ते नदीचं पात्रच आहे, कोरड्या दिवसांत आपल्याला वापरायला मिळालेलं.

याची नक्कल करून मात्र आपलं भागणार नाही. कलांगचं पाणी शहराच्या जलाशयात जातं आणि त्यात सांडपाणी सोडलं जात नाही. आपल्या नद्यांत ते राजरोस सोडलं जातं. ते अडवून शुद्ध केल्याशिवाय काठावर हिरवळ लावणं म्हणजे जखम न धुता मलमपट्टी करणं. शिवाय आपला पाऊस चार महिन्यांत कोसळतो. तो सोसून काठ धरायला आपल्याकडे वाळा आहे, करंज आहे, उंबर आहे. परदेशी लॉन नको.

आणि जागा? २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझमध्ये २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी नदीने आपली जागा मागितली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याने मागितली. दोन्ही वेळा किंमत माणसांनी जिवानिशी मोजली. आपल्या नकाशांवर २५ वर्षांच्या पुराची निळी रेषा असते, १०० वर्षांच्या पुराची लाल. काठाला भिंत उभी राहिली की या रेषा आत सरकवण्याचा मोह सुरू होतो, कारण सरकलेल्या प्रत्येक मीटरला चौरस फुटांचा भाव असतो.

मित्रमैत्रिणींनो, यातलं अवघड काम संगणकावर होणार नाही. ते एखाद्या दुपारी होईल. समोर फाइल असेल, वरिष्ठ घाईत असतील आणि रेषा थोडीशीच आत घ्यायची असेल. त्या दिवशी सही करण्याआधी एक काम करा. नदीवर जा. काठावर राहणाऱ्या एखाद्या आजींना विचारा, मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं? त्या बोट दाखवतील तिथपर्यंत नदीची जागा आहे. ती तिला सोडा, आणि मगच सही करा.