रुग्णालयातील समाजसेवा

डॉक्टर कागदावर औषध लिहून देतात, तेव्हा त्या कागदात न लिहिलेल्या कितीतरी गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: रुग्णाला निवाऱ्यापुरते घर आहे, दोन वेळचे अन्न आहे, औषधापुरता पैसा आहे आणि पुढच्या तारखेस परत येण्यासाठी त्याला रजा व गाडीभाडे मिळणार आहे. यांपैकी एक गोष्ट जरी नसली तरी उत्तमातले उत्तम निदान निष्फळ होते. आणि ती आहे की नाही याची विचारपूस करून, नसल्यास तिची तजवीज करणे, हे ज्याचे काम, त्यास आपल्या शासकीय रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’ असे म्हणतात.

हे पद निर्माण झाले ते दोन निरनिराळ्या हेतूंनी. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाने १८९५ साली मेरी स्टुअर्ट या बाईंना नेमले, ते मुख्यत्वे फुकट उपचारास खरोखर पात्र कोण याची छाननी करण्यासाठी. तर बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात १९०५ साली डॉ. रिचर्ड कॅबट यांनी अशी व्यवस्था सुरू केली, ती रुग्णाचे घर व रोजगार ठाऊक नसता केलेली चिकित्सा अपुरी राहते, असे त्यांना आढळून आले म्हणून. आपल्याकडे या कार्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणारी संस्था सर दोराबजी टाटा यांच्या नावाने मुंबईत १९३६ साली निघाली आणि पुढे दहा वर्षांनी जे. जे. रुग्णालयात पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. छाननी आणि आस्था ही दोन्ही कामे आजही एकाच मेजावर चालतात, आणि पहिलीचा जाच दुसरीला होऊ न देणे यातच या अधिकाऱ्याचे कसब दिसून येते.

समजा, बाजारसमितीच्या आवारात पोती वाहणारा एक हमाल मधुमेहाने सडू लागलेला पाय घेऊन दाखल झाला आहे. पाय गुडघ्याखाली कापला नाही तर विष अंगभर भिनेल, असे बजावूनही तो संमतीपत्रावर अंगठा उमटवीत नाही आणि वॉर्डातील मंडळी त्याच्या हट्टापुढे टेकीस आली आहेत. समाजसेविका त्याच्या खाटेशी स्टूल ओढून बसते, आणि पायाचा विषयच न काढता विचारते, “दादा, घरी खाणारी तोंडं किती?”

“पाच. कमावणारा मी एकटा,” तो म्हणतो. “पाय गेल्यावर माझ्या पाठीवर पोतं कोण देणार, ताई?”

ज्याला सगळ्यांनी अडाणीपणा मानले होते, तो वस्तुतः संसाराचा रोखठोक हिशेब होता, हे या एका उत्तराने ध्यानात येते, आणि मग खऱ्या कामास आरंभ होतो. हा माणूस माथाडी मंडळाकडे नोंदलेला आहे काय. शिधापत्रिकेवरील नाव आणि आधारपत्रावरील नाव यांत मेळ आहे काय. नसल्यास तहसील कचेरीत दाखल्यासाठी कोणास धाडावे. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून चालत आलेल्या पुनर्वसन संस्थेत कृत्रिम पायाची सोय कशी होईल. आणि मुकादमाकडे बसून करण्याजोगे, नोंदवहीचे वा राखणीचे काम मिळेल काय, या एकेका प्रश्नाचा पाठपुरावा होऊ लागतो, तसतशी त्या माणसाची भीड चेपते आणि शस्त्रक्रियेविषयी तो आपण होऊन विचारू लागतो.

रुग्णाबरोबर त्याचे कुटुंबही एक प्रकारे दाखल झालेले असते. कर्करोगाच्या उपचारासाठी खानदेश-विदर्भातून परळला येणाऱ्या नातलगांना महिनोन्‌महिने राहावे लागते. त्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी चिठ्ठी देऊन पाठविणे, गावी ठेवलेल्या मुलांची व्यवस्था विचारणे, डॉक्टरांनी सांगितलेली दुःखद वार्ता पुन्हा एकदा सावकाश, त्यांच्या बोलीत समजावून सांगणे, आणि ज्याला न्यावयास कोणीच येत नाही अशा वृद्धासाठी आश्रमाचा शोध घेणे, हे सारे याच कचेरीच्या वाट्यास येते.

या मदतीस भीक समजून पुष्कळ सुशील माणसे संकोच करतात. पण त्यात तसे लाजण्यासारखे काहीच नाही. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांनीही दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केली आहे. अर्थात त्या खाटेवर गरजू नागरिकाचा हक्क आहे.

मात्र या हक्काला वेळेचे बंधन असते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेखाली ठरवून करावयाच्या शस्त्रक्रियेस अगोदर मंजुरी घ्यावी लागते. दागिना गहाण पडून आणि बिल हाती आल्यावर या कचेरीत गेलेल्या माणसासाठी, इच्छा असूनही, फारसे काही करता येत नाही. म्हणून आपल्या आप्तेष्टांपैकी कोणास रुग्णालयात दाखल करण्याचा प्रसंग आला, तर शिधापत्रिका, आधारपत्र आणि असल्यास उत्पन्नाचा दाखला जवळ बाळगावा, आणि केसपेपर काढून होताच, त्याच दिवशी, समाजसेवा अधीक्षक कोठे बसतात याची चौकशी करावी.