ओल बघून पेरणी



हातात धरून खेळायचा कॉम्प्युटर, ज्याला पोरं ‘हँडहेल्ड’ म्हणतात, तो आता मंगळवेढ्यासारख्या तालुक्याच्या गावातही सगळ्यांना माहीत झालाय. पुण्याला शिकायला असलेला थोरला त्याची वर्णनं घरी येऊन करतो, धाकटा त्याच्या व्हिडिओंची पारायणं करतो आणि मग एक दिवस जेवताना विषय निघतो. घरातला पहिला प्रश्न किमतीचा असतो. असुस कंपनीचा ‘रॉग अलाय’ २०२३ च्या जुलैमध्ये भारतात विक्रीला आला, तेव्हा त्याची किंमत होती ६९ हजार ९९० रुपये. दुसरा प्रश्न मात्र जास्त बिनतोड असतो. सत्तर हजार मोजायचे आणि जड खेळ लावला की दोन तासांच्या आत बॅटरी खलास, हा कुठला व्यवहार?

प्रश्न रास्त आहे. यात कुणाची फसवणूक नाही की कुणाचा हलगर्जीपणाही नाही. हे यंत्र बनवणाऱ्याला एक गोष्ट वाढवायची, तर दुसरी कमी करावी लागते. ती ओढाताण कशी असते, ते आज पाहू.

बॅटरीत किती वीज मावते, हे वॉट-तासांत मोजतात. पहिल्या अलायची बॅटरी ४० वॉट-तासांची. व्हॉल्व्ह कंपनीचा ‘स्टीम डेक’ २०२२ च्या फेब्रुवारीत बाजारात आला, त्याचीही तेवढीच. पुढचं गणित चौथीतल्या भागाकाराचं. यंत्र २० वॉटच्या हिशेबानं वीज ओढत असेल, तर दोन तास चालेल. ८ वॉटवर भागवलं, तर पाच तास. त्या २० वॉटमध्येच चिप, पडदा, पंखा, मेमरी, वायफाय आणि स्पीकर या सगळ्यांना आपापला वाटा हवा असतो.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली रब्बी ज्वारी बहुतेक ओलीवर येते. परतीचा पाऊस जमिनीत मुरला, तेवढीच पुंजी. त्यानंतर थेंब पडला तर नशीब. त्या ओलीत पीक पोटरीत यायला हवं, निसवायला हवं आणि दाणा भरायला हवा. मोहोळच्या संशोधन केंद्रावर गावरान मालदांडीतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हा वाण काढला गेला. भरपूर पाणी दिलं तर उताऱ्यात तिला मागं टाकणारे संकरित वाण आहेत. पण ओल तुटली की मालदांडी तग धरते, भाकरीला दाणा देते आणि जनावरांना कडबाही देते. वाण निवडणाऱ्यानं आधी ओल किती आहे ते पाहिलं आणि मग उताऱ्याचा हट्ट थोडा सोडला. हातातल्या कॉम्प्युटरचा आराखडाही असाच करावा लागतो. चार्जर काढला की आतली ओल ठरलेली.

हे ज्याला सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत नेमकं कळलं, तो माणूस म्हणजे जपानचा गुनपेई योकोई. निन्टेंडो कंपनीत त्याच्या चमूनं ‘गेम बॉय’ तयार केला आणि १९८९ च्या एप्रिलमध्ये तो बाजारात आला. पडदा हिरवट, त्यात रंगांच्या जागी चारच छटा, ठिपके १६० गुणिले १४४, आणि मागून उजेड नाही. रात्री खेळायचं तर दिव्याखाली बसायचं. त्याच वर्षी अमेरिकेत अटारीचा ‘लिंक्स’ आला आणि पुढच्या वर्षी जपानमध्ये सेगाचा ‘गेम गिअर’. दोन्हींचे पडदे रंगीत आणि उजळ. दुकानात शेजारी शेजारी ठेवले, तर गेम बॉयकडं कुणी ढुंकून पाहू नये. पण त्या दोघांना सहा-सहा पेन्सिल सेल लागत आणि ते चार-पाच तासांत बसत. गेम बॉय चार सेलवर पंधरा तास सहज चालायचा. योकोईचं म्हणणं असं, की जुनं झालेलं, स्वस्त आणि पक्कं मुरलेलं तंत्रज्ञान घ्यावं आणि ते नव्या कामाला लावावं. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटींहून जास्त नग खपले. गेम गिअर सुमारे एक कोटीवर थांबला.

आपल्याकडं गेम बॉय फारसा आला नाही. आला तो ‘ब्रिक गेम’. नव्वदच्या दशकात जत्रेतल्या खेळण्यांच्या पालात मिळायचा, डब्यावर ‘९९९९ गेम्स’ छापलेले असायचे आणि आत मूठभर खेळ वेगवेगळ्या वेगानं फिरवलेले असायचे. काळे चौकोन वरून पडायचे. पडदा घड्याळातल्यासारखा साधा होता, म्हणून दोन सेल घातले की महिनोन् महिने बघावं लागत नसे. वस्तू हलक्या प्रतीची होती, पण विजेचा हिशेब चोख होता.

आता आजच्या यंत्राकडं येऊ. चिपला दुप्पट वीज दिली, तर काम दुप्पट होत नाही. वेग वाढवायचा तर चिपला विजेचा दाबही जास्त द्यावा लागतो, आणि दाबाचा खर्च वर्गाच्या पटीत चढतो. म्हणून १५ वॉटवर छान पळणारा खेळ २५ वॉटवर नेला, तर डोळ्यांना थोडाच फरक दिसतो. बॅटरीला मात्र तो पुरेपूर जाणवतो. पडद्याचंही तसंच. स्टीम डेकचा पडदा १२८० गुणिले ८००, म्हणजे दहा लाखांच्या आसपास ठिपक्यांचा. अलायचा १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांवर. दोन्ही सात इंचांचेच. दुप्पट ठिपके रंगवायचे तर चिपनं दुप्पट राबायचं, आणि हातभर अंतरावरून सात इंचांत तो बारकावा टिपायला नजर तितकीच तीक्ष्ण हवी.

एक युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे. खेळातलं चित्र सेकंदाला ६० वेळा बदललं, की हालचाल लोण्यासारखी मऊ वाटते. ३० वेळा बदललं, की किंचित अडखळते. मग मधला आकडा ४५, असं कुणीही म्हणेल. पण वेळेच्या हिशेबात मध्य वेगळा येतो. ६० ला प्रत्येक चित्र साधारण १६.७ हजारांश सेकंद टिकतं आणि ३० ला ३३.३. या दोन्हींच्या बरोबर मध्ये २५ हजारांश सेकंद येतात, आणि सेकंदाला ४० चित्रं काढली की एका चित्राला तेवढेच मिळतात. म्हणजे ३० वर दहाच चित्रांची भर घातली, की अर्धा सुधार पदरात पडतो आणि ६० च्या तुलनेत चिपचं काम तिसऱ्या हिश्शानं कमी होतं. डेकमध्ये ही मर्यादा बटण दाबून लावता येते. बॅटरीवर जास्त वेळ खेळू पाहणाऱ्याला ही सोय फार कामाची आहे.

आता आपल्या भागातला खरा शत्रू, उन्हाळा. व्हॉल्व्हनं २०२२ च्या जुलैमध्ये, युरोपात उष्णतेची लाट असताना, ग्राहकांना सांगितलं होतं की डेक शून्य ते ३५ अंशांच्या हवेत उत्तम चालतो. त्यापुढं स्वतःला वाचवण्यासाठी तो आपला वेग कमी करू शकतो. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो आणि पत्र्याच्या खोलीत बसलं, तर विचारायलाच नको. समजा चिप ९० अंशांपर्यंत तापू द्यायची आहे. २० अंशांच्या खोलीत चिप आणि हवा यांच्यात ७० अंशांचा फरक असतो. ४२ अंशांच्या खोलीत तो ४८ वर येतो. उष्णता या फरकाच्याच जोरावर बाहेर जाते. म्हणजे तोच पंखा आणि उष्णता वाहून नेणारी तीच तांब्याची नळी असूनही तिसऱ्या हिश्शाची ताकद गेली. भरपाई करायची तर पंखा जोरात फिरवावा लागतो. त्यानं आवाज वाढतो, वीज जाते आणि धूळ आत ओढली जाते. मळणीच्या दिवसांतला भुसकट मिसळलेला धुरळा अशा बारीक पंख्याला सोसत नाही.

पंखा काढून टाकला, तर यंत्र मोबाइलसारखं बंद आणि शांत होईल, पण सतत १५ वॉट पेलणार नाही. मोठा पंखा घातला, तर जाडी आणि वजन वाढेल. पहिला डेक ६६९ ग्रॅमचा होता. तास-दीड तास हात अधांतरी धरून बघा, म्हणजे ६६९ ग्रॅम म्हणजे काय ते मनगटं सांगतील.

मग बॅटरीच मोठी का करत नाहीत? करतात. २०२४ च्या ‘अलाय एक्स’मध्ये ती ४० वरून ८० वॉट-तासांवर नेली आणि वजन ६०८ वरून ६७८ ग्रॅम झालं. किंमतही चढली. ही वाढ फार लांबवताही येत नाही, कारण विमानात खास परवानगीवाचून नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. व्हॉल्व्हनं २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये वेगळी वाट धरली. ओएलईडी पडदा, जास्त बारीक तंत्रानं घडवलेली चिप, थोडा मोठा पंखा, ५० वॉट-तासांची बॅटरी आणि वजन ६४० ग्रॅम. ताकद जवळपास तेवढीच ठेवून खर्च कमी केला. मला ही सुधारणा जास्त शहाणपणाची वाटते, जरी जाहिरातीत ती मोठ्या आकड्यांइतकी खुलत नसली तरी.

एक तडजोड डोळ्यांना दिसत नाही, ती आतल्या प्रणालीची. अलायमध्ये विंडोज आहे. त्यामुळं पीसीवरचा जवळपास प्रत्येक खेळ लागतो, पण विंडोज मुळात माउस आणि कीबोर्डसाठी घडलेलं. सात इंचांवर त्याच्या बारीक खिडक्या बोटानं आवरताना जीव मेटाकुटीला येतो. डेकमध्ये लिनक्सवर उभी केलेली प्रणाली आहे. बटण दाबलं की खेळ जागच्या जागी झोपतो आणि पुन्हा दाबलं की तिथूनच उठतो. पण ऑनलाइन स्पर्धेचे काही खेळ, फसवणूक रोखणाऱ्या त्यांच्या पहाऱ्यामुळं, तिथं चालत नाहीत. धाकट्याला नेमका तोच खेळ हवा असेल, तर बाकीचे गुण सांगून उपयोग नाही.

तेव्हा खरेदीला जाताना चिपचं नाव आणि ठिपक्यांची संख्या पाठ करून जाऊ नका. दुकानदाराला विचारा: हवा तेव्हा वॉट कमी करता येतात का? तुमचा ठरलेला खेळ कमी वॉटवर किती वेळ चालतो? मागचं झाकण स्क्रूनं उघडतं का, आणि पंखा, अंगठ्याची काडी, बॅटरी हे भाग सुटे मिळतात का? डेकचे सुटे भाग २०२२ पासून परदेशात विकत मिळू लागले, ही गोष्ट इतर कंपन्यांनीही मनावर घ्यावी अशी आहे. आणि मुलगा सगळा वेळ घरात, प्लगजवळच बसून खेळणार असेल, तर एवढी ओढाताण विकत घ्यायचं कारणच नाही. त्याच पैशात टेबलावरचा कॉम्प्युटर जास्त ताकदीचा येईल, दुरुस्तीला सोपा पडेल आणि बारावीच्या प्रोजेक्टलाही कामाला येईल.