काचपेटीतील पाणी आणि त्याची गाळणी

नदीतला मासा जे पाणी मागे टाकून पुढे जातो, त्या पाण्याशी त्याचा पुन्हा सहसा संबंध येत नाही. प्रवाह त्याची घाण वाहून नेतो, वाळू ती गाळते आणि पावसाळा सारे पात्र धुऊन काढतो. दिवाणखान्यातल्या काचपेटीत राहणाऱ्या माशाच्या नशिबी ही चैन नाही. तो जेवतो त्याच पाण्यात, श्वास घेतो त्याच पाण्यात आणि विष्ठा टाकतो तीही त्याच पाण्यात. ६० लिटरांची ती पेटी हेच त्याचे स्वयंपाकघर आणि हीच त्याची मोरी. म्हणून मासे पाळणे म्हणजे प्रत्यक्षात पाणी पाळणे होय.

हे पाणी कसे राखावे, याचा विचार फार जुना नाही. लंडनमधील रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली आपला एक प्रयोग तेथील विद्वत्सभेपुढे मांडला. काचेच्या भांड्यात थोडे मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवल्यास पाणी दीर्घकाळ निर्मळ राहते, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांसाठी स्वतंत्र दालन उघडले. आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि काचेपलीकडचा मासा लोकांच्या परिचयाचा झाला. परंतु वॉरिंग्टन यांचा तोल थोड्या माशांपुरताच टिकतो. घरोघरी मात्र पेटी लहान आणि मासे पुष्कळ, असाच प्रकार आढळतो. तेथे फिल्टरवाचून गत्यंतर नसते.

फिल्टर हा शब्द एक असला, तरी त्याची कामे तीन आहेत. पाण्यात तरंगणारे कण अडवणे, हे पहिले. यालाच यांत्रिक गाळण म्हणतात. पाण्यात विरघळलेले विष सूक्ष्म जंतूंकरवी निरुपद्रवी करणे, हे दुसरे. आणि रंग, वास किंवा औषधाचा अंश कोळशासारख्या पदार्थाने शोषून घेणे, हे तिसरे. पुष्कळ घोटाळे होतात ते या तीन कामांची गल्लत झाल्यामुळे. स्पंज कितीही उत्तम असला, तरी तो केवळ चाळण म्हणून विरघळलेला अमोनिया अडवू शकत नाही, मग पाणी आरशासारखे का दिसेना. स्वच्छ दिसणारे पाणी आणि निरोगी पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यांत्रिक गाळणीसंबंधी आणखी एक समजूत दूर व्हावयास हवी. गाळणीत अडकलेली घाण पाण्याबाहेर गेली, असे पाहणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात ती फक्त नजरेआड होते. तिच्यावरून तेच पाणी अहोरात्र वाहत असते आणि ती कुजत राहिली, तर तिच्यातला अमोनिया पुन्हा माशांकडेच परत येतो. केराची टोपली भरली म्हणजे घर झाडून झाले, असे कोणतीही गृहिणी मानीत नाही. टोपली बाहेर रिकामी करावी लागते. तेव्हा गाळणमाध्यम निवडताना पहिला प्रश्न ‘हे किती बारीक गाळते’ हा नव्हे. ‘हे घरात कोण आणि किती दिवसांनी धुणार’ हा होय.

माध्यमाच्या निवडीचे तत्त्व मराठी स्वयंपाकघरास नवे नाही. धान्य आधी सुपात पाखडतात, मग पीठ चाळणीने चाळतात आणि औषधाची पूड तेवढी वस्त्रगाळ करतात. एकदम वस्त्रातून गहू गाळण्याचा खटाटोप कोणी करीत नाही. येथेही क्रम तोच. पाणी प्रथम जाड छिद्रांच्या स्पंजातून जावे, मग मध्यम स्पंजातून आणि अखेर, हवेच असल्यास, बारीक तंतूंच्या थरातून. स्पंजाचा जाडेबारीकपणा एका इंचात किती छिद्रे येतात यावरून मोजतात. १० किंवा २० छिद्रांचा स्पंज जाड, ३० चा मध्यम आणि ४५ चा बारीक. जाड स्पंज पुष्कळ घाण पोटात घेतो आणि उशिरा तुंबतो. बारीक स्पंज पाणी अधिक निवळ करतो, पण लवकर चोंदतो.

पांढऱ्या पॉलिएस्टर कापसाचा थर सर्वांत बारीक कण अडवतो. तो स्वस्त असतो आणि मळला की टाकून देता येतो. उशीत भरावयाचा कापूस वापरावयाचा झाल्यास त्यावर अग्निरोधक वा अन्य रसायन चढवलेले नाही, याची खात्री हवी. पूर्वी काचेची लोकरही वापरीत. तिचे तुटलेले तंतू माशांच्या कल्ल्यांना इजा करू शकतात, म्हणून ती वर्ज्य समजावी. चिनीमातीच्या पोकळ कड्या प्रामुख्याने जंतूंच्या वस्तीसाठी असतात. त्यांना स्पंजानंतरची जागा द्यावी, म्हणजे त्यांची छिद्रे गाळाने बुजत नाहीत.

माध्यम उत्तम असूनही ते बसवण्यात चूक झाली, तर सारे व्यर्थ. पाणी नेहमी सोपी वाट शोधते. स्पंज डब्यात सैल बसला, तर पाणी कडेने निसटते. कापूस ठासून भरला, तर प्रवाहच मंदावतो. तासाला पेटीतील पाण्याच्या ४ ते ५ पट पाणी गाळणीतून जावे, असा एक ठोकताळा आहे. म्हणजे ६० लिटरांच्या पेटीस तासाला २४० ते ३०० लिटर. परंतु पंपाच्या खोक्यावरील आकडा बहुधा मोकळ्या पंपाचा असतो. माध्यम भरल्यावर, आणि ते मळल्यावर तर अधिकच, प्रवाह त्याहून कमी होतो.

माशांच्या जातीचाही विचार हवा. गोल्डफिश खातो फार आणि घाणही तेवढीच करतो. त्याला जाड स्पंज भरपूर हवा. लांब पंखांच्या फायटर माशाला जोराचा प्रवाह सोसत नाही. त्याच्यासाठी, तसेच नुकत्या जन्मलेल्या पिलांसाठी, हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर उत्तम. त्यात पिले ओढली जात नाहीत.

काही गढूळपणा मात्र गाळणीच्या अधिकारात नसतो. नव्या पेटीतील दुधाळ पाणी बहुधा जंतूंच्या वाढीमुळे असते. ते जंतू इतके सूक्ष्म असतात, की कापसातूनही सहज पार होतात. तेथे उपाय म्हणजे धीर धरणे आणि खाद्य कमी करणे. हिरवे पाणी सूक्ष्म शेवाळामुळे होते. त्याचे मूळ बहुधा अतिरिक्त प्रकाशात आणि साचलेल्या खतात असते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एखादा हौशी गृहस्थ रविवारी उत्साहाने पेटी रिकामी करतो, वाळू धुतो, स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत चोळतो आणि नवे पाणी भरतो. चार दिवसांत मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात, एकेक मरतो आणि दोष माशांच्या दुकानदाराला लागतो. घडलेले असते ते निराळेच. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जंतू असतात, हे विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञांनी १८९० च्या सुमारास सिद्ध केले. असे जंतू त्या मळकट स्पंजातच वस्ती करून असतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्या वस्तीचा संहार करते. म्हणून पेटीतलेच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज हलक्या हाताने पिळावा. घाण निघावी, वस्ती राहावी. दोन स्पंज असल्यास ते आळीपाळीने धुवावेत. बादलीतले ते पाणी कुंड्यांतील रोपांना उत्तम खत होते. पेटीत घालावयाच्या नव्या पाण्यातील क्लोरीन औषधाने आधी घालवावे. क्लोरामिन असल्यास पाणी रात्रभर उघडे ठेवून भागत नाही.

उन्हाळ्यात ही दक्षता दुणावते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, अमोनियाचा विषारीपणा वाढतो आणि तुंबलेल्या स्पंजातील कुजणारा गाळ उरलासुरला प्राणवायूही खातो. त्यातच वीज काही तास गेली, तर बंद डब्याच्या फिल्टरमधले पाणी आतल्या आत नासते. वीज येताच तसाच पंप सुरू केला, तर ते नासलेले पाणी पेटीत उतरते. आधी ते फेकून द्यावे, माध्यम पेटीतल्या पाण्यात खळबळावे आणि मगच पंप सुरू करावा.

माशाला आपली तक्रार सांगता येत नाही आणि पेटी सोडून दुसरीकडे जाताही येत नाही. त्याच्या वतीने पाण्याकडे पाहणारा एकच, तो म्हणजे त्याला घरी आणणारा माणूस. गाळणी कितीही भारी किमतीची असो, ती घाण फक्त धरून ठेवते. बाहेर काढावयाचे काम माणसाच्या हाताचेच आहे. आठवड्यातून एकदा अर्धा तास देणे ज्याला शक्य आहे, त्याच्या घरी साधा स्पंजही पुरतो. ज्याला तेवढी सवड नाही, त्याने काचपेटी विकत घेण्यापूर्वीच पुन्हा एकवार विचार करावा.